टॉवेलाखालची मूठ

माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने मला फसवलं. तोंडाने फसवलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो. आमच्या घरात तोंडाने बोललेल्या खोट्याला कोणी खोटं म्हणत नाही, तो धंदा असतो. दादाने मला हाताने फसवलं. आमच्या घराण्यात हे त्याच्या आधी कोणी केलेलं मी ऐकलेलं नाही.

मी देश सोडून निघालो ती सकाळ भातकापणीनंतरची होती. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. कडावच्या अलीकडे आमचं घर, अंगणात टेंपो उभा, त्यात माझी पत्र्याची ट्रंक चढवलेली. ड्रायव्हर भिसेगावचा होता आणि त्याला कर्जतला दुसरं भाडं गाठायचं होतं, म्हणून तो सारखा हॉर्न वाजवत होता. आई देवापुढे साखर ठेवत होती. तेवढ्यात दादा म्हणाला, "नारू, गोठ्यात ये जरा."

गोठ्यात बैलांच्या सहा जोड्या होत्या. आमचे आबा हेडी होते, म्हणजे बैलांची खरेदी-विक्री करायचे. भात पोटापुरतं, बाकी सगळं बैलांवर. ते अचानक गेले आणि धंदा दादाच्या गळ्यात आला. दादाला तो नको होता. खोपोलीच्या एका गिरणीतल्या मुकादमाने त्याला कोठारात जागा द्यायचा शब्द दिला होता. दादा एकदा ती जागा बघून आला होता आणि त्यानंतर कितीतरी दिवस एकच सांगत होता, "वर पंखा हाय रं. बसल्या जागी वारा." बाजारासाठी उन्हातून बैल हाकत नेणाऱ्या माणसाला ते काय वाटत असेल ते मला तेव्हाही कळत होतं.

गोठ्यात दादाने खांद्यावरचा टॉवेल काढला, उजव्या हातावर टाकला आणि हात माझ्यापुढे केला.

जे गुरांच्या बाजारात कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बैलाचा भाव तिथे मोठ्याने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा टॉवेलाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवतीच्यांना फक्त हलणारा टॉवेल दिसतो. तोंड मात्र चालूच असतं. हा बैल आहे का बकरी, दात तुझ्यापेक्षा जुने आहेत याचे, ने फुकट, जा. तोंडाने काहीही बोलावं. हाताने दाबलेलं मात्र पक्कं. मिटलेली मूठ हातात दिली तर समजायचं, इथे काही शिल्लक नाही, निघा. आबा आम्हा दोघांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, "बाजारात त्वांड कुणाचंबी फिरतं. आपला हात फिरला तर मंग मला आबा म्हणू नका."

"किती वर्सं?" दादाने विचारलं.

मी त्याची पाचही बोटं धरली.

"पाच वर्सांत बैल म्हातारा व्हतो," तो म्हणाला आणि माझी दोन बोटं दाबली.

"दोन वर्षांत तिथल्या थंडीची सवय होत नाही."

"मंग नको जाऊस. मला काय, मी आजच खोपोलीला जातो."

बाहेर हॉर्न वाजत होता आणि आम्ही दोघं भाऊ टॉवेलाखाली भांडत होतो. शेवटी तीनवर आलं. तीन वर्षं दादा शेत आणि धंदा एकटा बघणार. तीन वर्षांनी मी परत येणार, बैल माझ्या हातात आणि दादा पंख्याखाली. मला वाटलं सौदा मी मारला. गाडीत बसल्यावर कर्जतपर्यंत मी मनातल्या मनात खूश होतो. आईचा चेहरा आठवला तो थेट विमानात.

मी कोण होतो हेही सांगायला हवं, कारण गावात अजून काहीजणांना वाटतं की मला कोणीतरी उचलून तिकडे नेलं. मला कोणी उचललं नाही. माथेरानच्या घोड्यांना गवताचे भारे पुरवून मी कॉलेज केलं, आणि तिथल्या घोडेवाल्यांशी घासाघीस करून जे शिकलो ते कॉलेजात शिकवत नाहीत. कल्याणजवळच्या माळावर तेव्हा लहान लहान थाळ्यांची एक रेडिओ दुर्बीण उभी राहिली होती, सूर्याकडे बघणारी. तिथे मी नोकरीला लागलो. हॉलंडमध्ये मोठ्या थाळ्यांची रांग उभी राहते आहे आणि त्यांना माणसं हवीत हे तिथेच कळलं. मी अर्ज केला. त्यांनी जेवढं देऊ केलं त्याच्याहून थोडं जास्त मागितलं, आणि ते मिळालं.

तिथे काम काय, असं आई दर पोस्टकार्डात विचारायची. पोस्टकार्ड अर्थात दादाच्या अक्षरात, आईला लिहिता येत नव्हतं. तेव्हा उत्तर धड देता आलं नाही, आता देतो. आपली आकाशगंगा जशी आहे तशा आणखी असंख्य आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. त्यांच्यातले तारे फोटोत दिसतात. पण ताऱ्यांच्या मधे आणि ताऱ्यांच्या बाहेर दूरवर हायड्रोजनचा थंड वायू पसरलेला असतो, आणि तो कोणत्याही फोटोत दिसत नाही. तो एक अगदी क्षीण रेडिओ लहर सोडतो. तिची लांबी एकवीस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ आपली वीत. आमच्या थाळ्या ती लहर पकडायच्या. कुठे वायू दाट, कुठे विरळ, दीर्घिकेची कोणती बाजू फिरता फिरता आपल्याकडे येते आहे आणि कोणती लांब जाते आहे, हे त्या लहरीवरून कळतं. कॉम्प्युटर आकड्यांचे गठ्ठे छापायचा आणि आम्ही ते आकडे जोडून कागदावर शाईने रेषा काढायचो. सारख्या दाटीच्या जागांमधून एक रेषा, मग तिच्या आत दुसरी. अशी एकेक दीर्घिका कागदावर उतरायची.

तारे संपतात तिथे दीर्घिका संपत नाही हे मी पहिल्यांदा अशा कागदावर पाहिलं. ताऱ्यांचा उजेड संपल्यावरही वायू पुढे जातच राहतो, काही ठिकाणी दुप्पट लांब. जगात तेव्हा हे पाहिलेली माणसं थोडी होती आणि त्यांच्यात आपल्या तालुक्यातला एक होता. मी त्या खोलीत एकटाच हसलो होतो.

मला मिळालेली दीर्घिका सप्तर्षींच्या बाजूची होती. तिच्या नकाशात एक घोटाळा होता. मधोमध वायूच नव्हता. भोवती दाट कडं आणि मधे मोकळं. ही पोकळी खरी की आमच्या दुर्बिणीची चूक, हा प्रश्न. कारण आमची दुर्बीण म्हणजे एका ओळीतल्या अनेक थाळ्या, त्यातल्या काही रुळांवर सरकणाऱ्या. थाळ्या एकमेकींपासून लांब ठेवल्या की बारीक तपशील दिसतो. पण जे रुंद आणि सपाट पसरलेलं आहे ते लांबच्या थाळ्यांना दिसतच नाही, ते नकाशातून गळून जातं. ते बघायचं तर थाळ्या अगदी शेजारी आणाव्या लागतात आणि पृथ्वी अर्धी फिरेपर्यंत, म्हणजे बारा तास, त्याच दीर्घिकेवर रोखून ठेवाव्या लागतात. थाळ्या अशा जवळ आणायचे आठवडे वर्षात थोडे, आणि त्यांच्यासाठी सगळे टपलेले. मी भांडून, अदलाबदल करून एक पाळी मिळवली होती. ती पाळी यायच्या आधी माझी तीन वर्षं भरली.

ज्यांच्या हाताखाली मी काम करायचो ते प्राध्यापक म्हणाले, दोन महिने थांब. मी म्हणालो, हात दिला आहे. त्यांना ते समजलं नाही आणि मी समजावत बसलो नाही. अर्धा नकाशा गुंडाळून घेऊन मी कर्जतला उतरलो.

पहिले दोन दिवस सणासारखे गेले. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी एवढी केली की शेजारचेही जेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओटीवर नकाशा पसरला. आई म्हणाली, "ही तर खाचरं हायत. बांध कवडं वाकडं घातलंत." दादा मात्र उकिडवा बसला आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवतात तसा कागदावरून हात फिरवत राहिला. हेडी कोणतीही वस्तू खोड शोधतच बघतो. त्याचं बोट मधोमध थांबलं.

"हितं मोकळं का?"

"तेच कळत नाही. खरंच मोकळं असेल, नाहीतर आम्हाला दिसलं नसेल."

"कळंल कसं?"

मी थाळ्या जवळ आणण्याचं सांगितलं. वीतभर लहरीचंही सांगितलं. त्याने आपली वीत पसरून नकाशावर ठेवली, शेतात दरवर्षी राब भाजताना विस्तव हाताळून बोटं काळी पडलेली, आणि थोडा वेळ ती तशीच ठेवली.

"मंग बघून का नाय आलास?"

"तीन वर्षं भरली."

"आन् आता दुसरा कोन बघंल?"

"बघेल कोणीतरी. आज ना उद्या."

दादा बैलांना पाणी दाखवायला उठून गेला.

तिसऱ्या दिवशी बोटीने मागून आलेलं माझं सामान सोडवायला मी मुंबईला गेलो. गोदीत दोन दिवस मोडले. परत आलो तर गोठा रिकामा. दावी खुंट्यांना गुंडाळून ठेवलेली, जमीन शेणाने सारवलेली.

"इकली," दादा म्हणाला. "सगळी. धंद्यात काय राहिलं नाय. गिरणीत जागा मिळाली, एक तारखेपासून जातोय."

माझं डोकं फिरलं. धंदा माझा होता. तीन वर्षं मी परक्या थंडीत काढली, हातातली पाळी सोडून आलो, आणि यांनी मला न विचारता बैल विकले. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, आई अजून आहे. शेवटी दादाचा टॉवेल मीच त्याच्या खांद्यावरून ओढला आणि हातावर टाकला.

"तोंडाने नको. हाताने सांग. किती उरलेत?"

त्याने हात टॉवेलाखाली आणला. माझ्या तळहातात मिटलेली मूठ ठेवली.

मी त्या मुठीवरून बोटं फिरवली. घट्ट होती. मग दादा तोंडाने म्हणाला, "तुजी गरज नाय हितं. तुजं तू बघ." आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. एरवी आम्ही आवाज चढवला की ती उलथनं घेऊन मधे यायची. त्या दिवशी आली नाही. आणि गव्हाणीपाशी हिरव्या चाऱ्याचा भारा बांधून ठेवला होता, त्याच दिवशी कापलेला. विकलेल्या बैलांसाठी कोणी चारा कापत नाही. माथेरानच्या घोडेवाल्यांना न फसलेला मी, हे सगळं बघत होतो आणि रागाने मला काही दिसत नव्हतं.

मी आठवड्याभरात परत गेलो. प्राध्यापकांनी माझी खुर्ची कोणाला दिली नव्हती. माझी पाळी मात्र दुसऱ्याला गेली होती. थाळ्या पुन्हा जवळ येणार होत्या त्या पुढच्या वर्षीच्या नाताळात. तिथली माणसं काहीही सोडतील, नाताळात घर सोडणार नाहीत, हे मी तीन वर्षांत ओळखलं होतं. वेळापत्रक सांभाळणाऱ्या हेन्ककडे गेलो आणि सांगितलं, नाताळातली कामं सगळी मी घेतो, बदल्यात ते बारा तास माझे.  "तुला घर नाही का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "नाही." त्याने पाळी दिली आणि बायकोने केलेला केक पाठवला. अशा सौद्यात वरकड काही मिळतं हे मला माहीत नव्हतं.

त्या बारा तासांनी नकाशा बदलला. भोवती जिथे काहीच नव्हतं तिथे रुंद, विरळ वायू उगवला, इतका की कागद पुरेना. मधली पोकळी थोडी आक्रसली, पण राहिली. ती खरी होती. ते छापून आलं, माझ्या नावाने, आणि मला कायमची नोकरी मिळाली. तिथल्याच मारायकेशी लग्न झालं, मुलगी झाली. बर्फात सायकल चालवायला शिकलो, चीज खायला शिकलो. बटाट्याच्या भावात घासाघीस करू नये हे मात्र मारायके अजून मला शिकवते आहे. मी सुखात होतो. फक्त दादाला पत्र लिहीत नव्हतो. आईला लिहायचो. तिच्या पोस्टकार्डात कायम असायचं, गिरणी बरी चालली आहे, दादा रोज जातो. अक्षर दादाचंच.

ऐंशी साल उलटल्यावर मी बायको-मुलीला घेऊन आलो. खालापूरकडून येताना गुरांचा बाजार लागला. मुलीला बैल दाखवावेत म्हणून गाडी थांबवली. आणि तिथे, एका खिलार जोडीशेजारी, हातावर टॉवेल टाकून दादा उभा. केस पांढरे, एका पायावर भार देऊन.

त्याने मला पाहिलं. हात टॉवेलातून काढला नाही.

"कवा आलास?"

"गिरणी कुठे आहे?"

"थांब रं. आदी गिऱ्हाईक जाऊ दे."

गिऱ्हाईक जाईपर्यंत मी उन्हात उभा राहिलो. भाव पटला, टॉवेल खाली आला. मग मी बाजार डोक्यावर घेतला. मारायकेला मराठी येत नाही, पण ती मुलीला घेऊन लांब जाऊन उभी राहिली. दादा विडी ओढत ऐकत होता. आबांच्या वेळचे दलाल कोंडूमामा पलीकडे बसले होते, तेच शेवटी म्हणाले, "आरं नारू, तुजी बैलं आठ दिस माज्या गोठ्यात व्हती. आमीच रातोरात हाकली. तू बोटीचं सामान आणाया गेलतास ना, तवा."

"विकली नव्हती?"

"इकतो कशाला? तू गेलास तशी परत नेली. चारा माजा बी खाल्ला, वर म्हनतो मामा, जोडी रोडावली." आणि ते पोट धरून हसले.

"आणि गिरणी?" मी दादाला विचारलं.

"लांब हाय. रोज कोन जाईल."

"पंखा होता ना तिथे."

"वारा हितं बी येतो," दादा म्हणाला आणि बैलांची दावी सोडायला वाकला. गुडघ्यावर हात ठेवून वाकला.

मुकादमाने ती जागा दादाची वाट बघून त्याच वर्षी दुसऱ्याला दिली होती. हे मला आईने सांगितलं, आणि सांगताना तिला जराही लाज वाटली नाही. उलट म्हणाली, "तू मोप हुशार. पर थोरल्याम्होरं फसलास का नाय?" मी तिलाही ऐकवलं. तिने माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली.

त्यानंतर मी दर दोन वर्षांनी येतो. दरवेळी विचारतो, मूठ का दिलीस. दादा दरवेळी दुसरं काहीतरी काढतो. भाताला रोग पडला, कोंडूमामाचा नातू शाळेत पहिला आला, तुझी पोरगी आता किती उंच झाली. मी त्याच्या खोलीत पंखा बसवून दिला. तो लावत नाही, आवाज करतो म्हणे. नवा नकाशा झाला की मात्र मागून घेतो. ओटीच्या भिंतीवर तीन दीर्घिका टांगल्या आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो त्यांतल्या खोडी दाखवतो, बहुतेक बरोबर दाखवतो.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गेले त्यांना मी एवढंच सांगेन. आपण स्वतःच्या हिमतीवर गेलो असं आपण पंगतीत सांगतो. मीही सांगत होतो. एकदा घरी जाऊन गोठा बघा, आणि विचारा तो कोणी रिकामा केला होता. आता घर कुठे असं मला कोणी विचारलं तर मी दोन पत्ते सांगतो. हॉलंडात माझं बिऱ्हाड आहे, मला आवडतं ते, तिथेच मी म्हातारा होणार. पण ज्याच्याशी माझा हिशोब उघडा आहे तो कडावच्या अलीकडे राहतो, आणि तो हिशोब मिटेपर्यंत माझं घर तेच.

म्हणून दादा, हे चारचौघांत लिहितो आहे, कारण समोर विचारलं की तू बैलांना पाणी दाखवायला उठतोस. धंद्यातली माझ्या वाट्याची पाळी ओढायला तू मला उघडा हात दिला नाहीस. मला न विचारता माझी पाळीही तूच ओढलीस, तुझा पंखा सोडून. मी इतका वाईट व्यापारी आहे का, की मला खरा भाव सांगितला असता तर मी अडून बसलो असतो? बसलो असतो, मला माहीत आहे. तरी सांगायला हवा होतास.

या दिवाळीनंतर मी येतो आहे. बाजाराच्या दिवशी कोंडूमामांसमोर उभं राहायचं. टॉवेल मी आणेन. तुझा हात त्याच्याखाली घाल, आणि ती मूठ का दिलीस ते तोंडाने नको, हाताने सांग. माझ्या हातात हात उघडा दे. नाहीतर आबांच्या नावाने मी तुला सोडणार नाही.